पाऊल न उमटलेली जमीन

१

अंथुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला, एक सपाट पांढरा पट्टा होता. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरत राहिलं आणि खालचं मीठ वर आलं. सरकारी भाषेत ती क्षारपड जमीन, शेतकऱ्यांच्या भाषेत चोपण. बायका मात्र तिला 'म्हातारीचं रान' म्हणत. जिची ती जमीन होती, ती म्हातारी रानात मीठ फुटलेलं पाहून तिथंच बसून राहिली आणि बसल्या जागी गेली, असं सांगत. त्या रानात गवत उगवत नसे, पाखरू उतरत नसे. भर उन्हातही तिथं उभं राहिलं की कुणीतरी मागं उभं आहे असं वाटे.

१९५५ सालच्या मार्चात एका सकाळी नीलकंठ तासकर तिथं जीपमधून उतरले. तासकर दिल्लीच्या विधी खात्यात कायद्यांचे मसुदे लिहीत. देशात विज्ञान संशोधनाला चालना देणारी एक राष्ट्रीय परिषद स्थापन करायचं विधेयक त्यांच्याच हातून उतरलं होतं. आता लोकसभेची एक समिती ते तपासत होती. सारा वाद नवव्या कलमावर होता. कुठल्याही विद्यापीठात नसलेल्या, एकट्यानं काम करणाऱ्या संशोधकालाही परिषदेनं साहाय्य द्यावं, असं ते कलम म्हणत होतं. समितीतले निम्मे सभासद त्याच्या विरोधात होते.

या वादाचं उत्तर म्हणून डॉ. आगट्यांचं नाव पुढं आलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून हा माणूस बायकोसह या मेलेल्या जमिनीच्या कडेला राहायला आला होता. स्वतः तयार केलेलं मिश्रण टाकून, खारं पाणी वाहून नेणारे चर न खणता, त्यानं चोपणाच्या एका तुकड्यावर हिरवीगार लसूणघास उगवली होती. समिती उद्या ती पाहायला येणार होती. तासकर व्यवस्था पाहायला एक दिवस आधी आले होते.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. तासकरांनी आपली टोपी खुंटीला अडकवली. शेजारच्या खुंटीवर उन्हात घालायची एक रुंद काठाची पांढरी टोपी होती. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं.

बांधावर माणसं गोळा झाली होती, पण खाली कुणी उतरत नव्हतं. समितीच्या बंदोबस्तासाठी निघालेले इंदापूरचे फौजदार नुकतेच येऊन पोचले होते. चोपणाच्या मधोमध एक माणूस उताणा पडला होता. तो इतका पांढरा होता की प्रथम जमिनीचाच उंचवटा वाटला. तासकर फौजदारांबरोबर जवळ गेले. पायाखाली मिठाची पापडी कुरकुरत मोडत होती.

डॉक्टर आगटे बोडक्या डोक्यानं पडले होते. मिशांवर, पापण्यांवर, सदऱ्यावर मीठ फुललं होतं. उघड्या डोळ्यांच्या कडांनाही मिठाची बारीक रेघ आली होती.

"कुणी पाहिलं पहिल्यांदा?" फौजदारांनी विचारलं.

"म्या," बांधावरून म्हस्कू मेंढपाळ म्हणाला. "मेंढरं घिऊन चाललो व्हतो. जवळ जाऊन बघितलं अन् माघारी पळालो. ती बघा माझी पावलं."

म्हस्कूची पावलं दिसत होती, जाणारी आणि परत येणारी. तासकरांनी चारी दिशांना नजर फिरवली. बाकी सगळी पापडी अखंड होती. एखादं पाखरू चाललं असतं तरी उमटलं असतं.

"डॉक्टर इथवर आले कसे?" ते हळूच म्हणाले. "त्यांचं एकही पाऊल नाही."

प्रेत उचललं तेव्हा त्याच्याखालची जमीन काळी, ओलसर निघाली. बांधावरच्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. "म्हातारीनंच उचलून आणला," कुणीतरी पुटपुटलं.

दुपारी इंदापूरच्या सरकारी डॉक्टरांचा निरोप आला. फौजदारांनी तो दोनदा ऐकून घेतला आणि तासकरांकडे पाहिलं.

"साहेब, डोक्याला मार आहे, पण त्यानं मरण आलेलं नाही. छातीत पाणी आहे. हा माणूस बुडून मेलाय."

२

"काल दिवस मावळताना मी त्यांना शेवटचं पाहिलं," श्रीधर मोकाशी म्हणाला. हा डॉक्टरांचा मदतनीस, शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, हुशार. त्याचे डोळे सुजले होते. "टोपी घातली आणि चोपणाकडे निघाले. एकटं फिरायची सवयच होती त्यांना. मी खोलीला कुलूप लावलं आणि शेवटच्या गाडीनं इंदापूरला गेलो. समितीच्या जेवणाचं आप्पासाहेबांशी बोलायचं होतं. मुक्काम त्यांच्याकडेच केला."

"किल्ली?"

"माझ्याजवळच असते. एकच आहे. डॉक्टर किल्ल्या हरवतात... हरवायचे. आज पहिल्या गाडीनं आलो, कुलूप काढलं आणि त्यांना शोधायला बाहेर पडलो, तोवर म्हस्कू ओरडत आला."

"आणि बाई?"

"द्वारकाबाई चार दिवस बारामतीला बहिणीकडे आहेत. त्यांना निरोप गेलाय."

मोकाशीचं म्हणणं खरं करणारी साक्ष लगेच मिळाली. म्हस्कूची बायको छबूबाई सरपणाचा भारा घेऊन बांधाच्या पलीकडून चालली होती. तिनंही डॉक्टरांना दिवस मावळताना पाहिलं होतं.

"बांधावरनं चालले व्हते," ती म्हणाली. "डोक्याव ती पांढरी टोपी. म्या हाक मारली, 'रामराम डागदर'. एरवी थांबून पोराबाळांची इचारपूस करायचे. काल मान बी वळवली न्हाय. सरळ म्हातारीच्या रानाच्या अंगाला गेले. जनू कुनी बोलावतंय."

तिच्या अंगावर काटा आला होता. आपल्याही अंगावर आला आहे, हे तासकरांच्या ध्यानात आलं.

३

आप्पासाहेब दुपारी मोटारीतून आले. तालुक्यात त्यांचा शब्द चाले. राष्ट्रीय परिषदेचं पहिलं संशोधन केंद्र अंथुर्ण्यात यावं म्हणून त्यांनी मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या केल्या होत्या.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पर समिती येऊ द्या. डॉक्टर गेले तरी त्यांचं रान हिरवं हाय. मोकाशी हाय, तो दाखवील."

"मोकाशी काल रात्री तुमच्याकडे होते?"

"व्हय. जेवले न्हाईत नीट. घास फिरवीत बसले व्हते ताटात." आप्पासाहेबांनी तासकरांकडे रोखून पाहिलं. "का हो? पोराव संशय हाय का माझ्याव?"

"डॉक्टरांचं आणि तुमचं बरं होतं?"

"भांडान व्हतं. लपवीत न्हाय. मागल्या महिन्यात मला म्हणले, चर खणल्याबिगर जमीन सुधारायची न्हाय, अन् चर तुमच्या डाळिंबाच्या बागंतनं काढावा लागंल. म्हणलं, तुमी तर बिगरचराचा इलाज काढलाय, मग चर कशाला? तर गप बसले."

तासकरांना ते चमत्कारिक वाटलं. ज्याच्या नावाची कीर्ती 'चर न खणता' अशी झाली होती, तोच माणूस चर मागत होता.

आप्पासाहेब गेले तरी बाहेर पाटकरी रावजी घुटमळत होता. कालव्यातून रानात येणाऱ्या चारीला पाणी सोडणं-बंद करणं हे त्याचं काम. तासकरांनी त्याला जवळ बोलावलं.

"सायेब, माझी नोकरी जाईल," तो एकदम म्हणाला. "परवा राती चारीचं दार कुनीतरी उचललं. म्या न्हाय. काल तांबडं फुटताना गेलो तर समदं चोपण तळ्यावानी चकाकत व्हतं. दार खाली सोडलं. मधी कायतरी काळं दिसलं, म्हणलं ओंडका वाहून आला आसंल. त्या रानात उतरायची छाती झाली न्हाय."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"तसाच हितं आलो. मोकाशी सायेब दारात उभं व्हतं. म्हणले, डॉक्टर झोपल्यात, उठवू नको."

"त्यानंतर चोपणात पाणी आलं?"

"थेंब न्हाय. काल दिसभर ऊन हे असं. सांजच्याला समदं वाळून पांढरंफेक झालं."

तासकर बाहेर आले आणि चोपणाच्या कडेला बसले. उन्हानं पापडी बारीक तडतडत होती. जमीन कुजबुजते आहे असं वाटावं असा तो आवाज होता. त्यांनी बोटानं एक तुकडा उचलला. वर पांढरी शुभ्र साय, खाली काळा चिखल.

कायदा लिहिणाऱ्याला एक सवय लागते. वाक्यात काय आहे त्याआधी काय नाही ते तो पाहतो. इथं पावलं नव्हती. सगळे विचारत होते, पावलं का नाहीत. विचारायला हवं होतं, पावलं केव्हा पुसली गेली.

परवा रात्री पाणी. काल दिवसभर ऊन. काल संध्याकाळपर्यंत नवी पापडी. त्यानंतर जो कुणी चालला असता तो उमटला असता. म्हस्कू उमटला, आपण उमटलो. डॉक्टर उमटले नाहीत, म्हणजे पापडी धरण्यापूर्वीच ते तिथं होते. म्हणून तर त्यांच्याखाली मीठ नव्हतं. भोवतालचं पाणी उन्हानं उडालं तेव्हा मीठ त्यांच्या भोवती आणि भिजलेल्या कपड्यांतून वर चढून त्यांच्यावरही फुललं. रावजीनं पाहिलेला ओंडका म्हणजे डॉक्टरच.

काल सूर्य उगवला तेव्हा डॉक्टर आगटे मेलेले होते.

तासकर उठता उठता थांबले. मग काल दिवस मावळताना छबूबाईसमोरून, हाकेला ओ न देता चालत गेलं ते कोण?

४

द्वारकाबाई ऊन उतरताना बारामतीहून आल्या. त्या रडल्या नाहीत. घरात शिरून त्यांनी आधी डॉक्टरांचा चष्मा शोधला. तो टेबलावर सापडला तेव्हा हातात घेऊन बसून राहिल्या.

"बाई, या वेळी विचारू नये, पण विचारतो," तासकर म्हणाले. "डॉक्टर खुशीत होते का?"

"पीक वाढत होतं तसे ते खचत होते," त्या म्हणाल्या. "मला कळेना. मी म्हणायची, अहो, सगळे वाखाणतायत. तर म्हणाले, द्वारका, हे पीक माझं नाही. माझ्या मिश्रणानं एवढं होणं शक्य नाही, कुठूनतरी गोडं पाणी येतंय. मला बारामतीला पाठवलं ते त्याचसाठी. म्हणाले, एक-दोन रात्री चारीशी बसून पाहणार आहे, तू घरी असलीस तर काळजी करत बसशील."

"आणि तसं निघालं असतं तर?"

"समितीला सांगणार होते. भर सभेत. प्रयोग फसला म्हणून."

नवव्या कलमाचा सगळा डोलारा त्या एका हिरव्या तुकड्यावर उभा होता.

बाईंनी चष्मा खाली ठेवला. "त्यांची टोपी कुठं आहे? पांढरी. डोक्यावरून हलायची नाही कधी. ती घालूनच न्या त्यांना."

"टोपी..." तासकर म्हणाले, आणि ताडकन उठले.

ते जवळजवळ धावतच प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या टोपीशेजारी ती पांढरी टोपी सकाळपासून लटकत होती. मोकाशी म्हणाला होता, टोपी घालून गेले. छबूबाईनंही ती टोपीच पाहिली होती. ती घालून गेलेला माणूस परत आला नाही, पण टोपी मात्र आली. आणि आली ती कुलूप लावलेल्या खोलीत, जिची किल्ली एकाच माणसाजवळ होती.

छबूबाईनं भूत पाहिलं नव्हतं. भूत टोपी खुंटीला अडकवत नाही.

५

फौजदारांनी रावजीसह दोन माणसं घेऊन हिरव्या तुकड्याच्या कडेची माती उकरली. हातभर खाली खापरी नळ निघाला. तो सरळ चारीच्या दाराखालच्या दगडी कुंडीत जात होता. कुंडी खोल होती. वरून हिरवट पाणी आणि त्यात आभाळ, एवढंच दिसत होतं.

मोकाशीला तिथं आणलं. तासकरांनी टोपी त्याच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "काल संध्याकाळी छबूबाईनं तुम्हाला रामराम केला होता. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

मोकाशी टोपीकडे पाहत राहिला. मग त्यानं ती खाली ठेवली.

"मी त्यांना ढकललं नाही," तो म्हणाला. "देवाशपथ नाही. नळाचं तोंड मी उघडत होतो. अंधारातून ते एकदम समोर आले. रागावलेसुद्धा नाहीत हो! म्हणाले, श्रीधर, उगीच केलंस. फसला तर फसला, समितीला सांगून टाकू. मी पाया पडलो. म्हटलं, तुमचं नाव आहे, पेन्शन आहे. मला कोण विचारणार? केंद्र झालं तर मी अधिकारी, नाहीतर गावी जाऊन भावाच्या हाताखाली. त्यांनी नळ बंद करायला हात घातला, मी तो धरला. त्यांचा पाय घसरला. डोकं दगडावर आपटून ते आत पडले."

"आणि मग?"

मोकाशीनं कुंडीतल्या पाण्याकडे पाहिलं. वाऱ्यानं लसूणघास हलत होती, तेवढाच आवाज.

"त्यांनी हात वर केला होता," तो म्हणाला. "मी वाकलो असतो तर पोचला असता. मी... उभा राहिलो. माझ्या मनात आलं, हे वर आले की समितीला सांगतील. मग हात खाली गेला."

रावजी मागच्या मागं सरकला.

पुढचं मोकाशीनं भराभर सांगितलं. कुंडीत प्रेत सापडलं असतं तर नळही सापडला असता. म्हणून त्यानं त्यांना जिथं कुणी फिरकत नाही तिथं नेऊन ठेवलं. आपली पावलं पुसायला चारीचं दार उचललं. आणि आपण गाव सोडेपर्यंत डॉक्टर जिवंत होते असं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांची टोपी घालून बांधावरून चालला.

"टोपी तिथंच टाकून द्यायची," फौजदार न राहवून म्हणाले.

"टाकणार होतो," मोकाशी म्हणाला. "चोपणाच्या कडेला गेलो. आत काय पडलंय ते मला ठाऊक होतं. जमीन तडतडत होती. मला वाटलं ते उठतायत. पळत परत आलो. टोपी कधी अडकवली ते आठवतसुद्धा नाही."

६

दुसऱ्या दिवशी समिती यायच्या आधी आप्पासाहेबांनी तासकरांना बाजूला घेतलं.

"गुन्हेगार गजाआड गेला, न्याय झाला," ते म्हणाले. "आता नळाचं कशाला काढायचं? माती परत लोटून टाकू. दुपारपत्तुर समिती जाईल. तुमचं कलम टिकंल, आमचं केंद्र होईल, डॉक्टरांचं नाव ऱ्हाईल. कुनाचं वाईट हाय त्यात?"

तासकर चटकन 'नाही' म्हणू शकले नाहीत, हे खरं आहे. ते कलम त्यांनी सात वेळा लिहिलं होतं. ते गेलं तर देशभरातल्या कितीतरी एकट्या माणसांची दारं बंद होणार होती. त्यांनी फौजदारांकडे पाहिलं, फौजदार दुसरीकडे पाहू लागले.

जीपगाड्या आल्या. सभासद बांधावर उभे राहून हिरव्या तुकड्याकडे कौतुकानं पाहू लागले. कुणीतरी पान खुडून वास घेतला. डॉक्टरांच्या मृत्यूबद्दल अध्यक्षांनी दोन शब्द बोलून मौन पाळलं. मग ते म्हणाले, "तासकर, या प्रयोगाची माहिती आता कोण देणार?"

तासकरांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच द्वारकाबाई पुढं आल्या होत्या. नवऱ्याला अग्नी देऊन रात्र उलटली होती, त्यांचा आवाज बसला होता.

"प्रयोग फसला," त्या म्हणाल्या. "ही घास चोरून दिलेल्या गोड्या पाण्यावर वाढली आहे. तो तिथं नळ आहे. हे सांगायला ते आज इथं उभे राहणार होते."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. समितीत कुजबूज झाली. नवव्या कलमाला विरोध करणारे एक वयस्क सभासद सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण मग सांगा, अशा एकट्या माणसांना सरकारनं पैसा का द्यावा?"

"जो मुलगा काल धरला, तो वाईट नव्हता," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं जेवलाय. फसलं म्हणून सांगितलं तर आपलं सगळं संपेल, एवढीच भीती होती त्याला. त्या भीतीपायी तो काठावर उभा राहिला. तुमचा कायदा फक्त यश आलेल्यांना पोसणार असेल, तर गावोगाव असेच नळ पुरले जातील. एकटा असो की विद्यापीठातला."

चोपणावरून गरम वारा आला आणि सभासदांच्या कोटांवर बारीक पांढरी धूळ बसली.

"तासकर," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "लिहून घ्या."

तासकरांनी उभ्या उभ्या लिहिलं : 'प्रयोग अयशस्वी ठरला, एवढ्या कारणावरून कोणत्याही संशोधकाचे साहाय्य थांबवता येणार नाही.'

विधेयक पावसाळी अधिवेशनात मंजूर झालं. नववं कलम टिकलं. ते उपकलमही टिकलं, पण चर्चेत कुणीतरी एक शब्द घातला : 'सहसा थांबवता येणार नाही.' त्या एका शब्दासाठी तासकर तीन मंत्र्यांना भेटले. शब्द निघाला नाही.

थंडीत ते अंथुर्ण्याला गेले. द्वारकाबाईंनी गाव सोडलं नव्हतं. आप्पासाहेबांनी बरेच महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, मग एक दिवस आपणहून डाळिंबाच्या बागेची कड मोकळी करून दिली होती. तिथून एक खोल चर ओढ्याकडे काढला होता. म्हस्कू आणि रावजी त्यात उतरून काम करत होते. तासकरांनी काठावर द्वारकाबाईंना कलमाची सगळी हकिगत सांगितली.

"सहसा," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हणजे कुणाच्या मनात आलं तर थांबवता येईल."

"हो. येईल."

"मग तुम्हाला अजून काम आहे."

त्या चरात उतरून वाकल्या. तळाशी बोटभर पाणी ओढ्याच्या दिशेनं सरकत होतं. त्यांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "निघतंय बाहेर."